अठराशे दोन आणि सत्तेचाळिसावी पायरी

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी अंबिकाने एक हजार एकशे बाराव्यांदा कळ दाबली. तारीख होती दोन नोव्हेंबर २०१५, वार सोमवार. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात, चपलांच्या दुकानाच्या माडीवर, सहा बाय नऊच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात ती साडेपाचपासून बसली होती. घरच्या नळाला त्या दिवशी पाणी येण्याची पाळी नव्हती, म्हणून सकाळ मोकळी मिळाली होती.

खालून चहावाल्याने थोरल्या बहिणीला द्यावी तशी हाक दिली, "बाजी, चाय भेजूं क्या?"

तिने उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर आकडा चुकला असता आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

"सुनतीच नै," चहावाला शेजारच्याला म्हणाला. ते तिला ऐकू गेलं. एक हजार एकशे तेरा.

टेबलावर हिरवा रंग उडालेली पत्र्याची पेटी होती. तिच्या झाकणावर हळदीकुंकवाची पाच बोटं उमटलेली होती आणि एका खिळ्याला वाळलेलं झेंडूचं फूल अडकलं होतं. ते तिने मुद्दाम काढलं नव्हतं. राग टिकवायला काहीतरी समोर लागतं.

पेटीत एकच कार्ड, कार्डाच्या मध्यावर चाळीस पायांची एक चिप. तिच्यावरचा आकडा १८०२. अंबिका तिला अठराशे दोन म्हणते. अमेरिकेत ही चिप १९७६ मध्ये बाजारात आली. संगणकाचा मेंदू एका चिपेत बसवणं तेव्हा नवीन होतं, आणि असले बहुतेक मेंदू वीज खात आणि तापत. ही थोडक्या विजेवर चाले. म्हणून लष्कराने ती घेतली आणि अवकाशयान बांधणाऱ्यांनीही घेतली. गुरू ग्रहाकडे १९८९ मध्ये जे यान सुटलं, त्यात याच जातीच्या चिपा होत्या. गुरूभोवती आठ वर्षं काढून ते यान २००३ मध्ये तिथेच कोसळवलं गेलं. तोवर त्या आपलं काम करत होत्या.

या चिपेचा आणखी एक गुण अंबिकाला सगळ्यात जास्त पटलेला आहे. तिला चालवणारे विजेचे ठोके बंद केले तर ती आहे तिथे थांबते. वीज जोडलेली असेल तर तासाने ठोके सुरू करा, नाहीतर महिन्याने करा. जिथे थांबली तिथून पुढे चालू लागते. काही विसरत नाही, काही पदरचं घालत नाही. एवढं जमणारा माणूस अंबिकाला एक्कावन्न वर्षांत भेटलेला नाही, आणि हे ती दुकानात येणाऱ्या कुणालाही सांगते, विशेषतः नवीन मोबाइल दाखवणाऱ्यांना.

तिचा बाप बिरू मेंढेवाडीचा. बहात्तरच्या दुष्काळात त्याने मेंढरं भावाकडे सोडली, शहरात आला आणि आयटीआयच्या फाटकावर पहारेकरी झाला. थोरला मुलगा धोंडिबा मेंढरांमागेच राहिला. मुलगी फाटकाशी बसून शाळेचा अभ्यास करायची. दहावी झाल्यावर ती त्याच फाटकातून आत गेली आणि रेडिओ-टीव्ही मेकॅनिक होऊन बाहेर आली. लग्न झालं, ते चार वर्षं टिकलं. नवऱ्याविषयी तिने एकच वाक्य ठेवलेलं आहे: "त्याला सोल्डरिंगचा वास चालत नव्हता."

शहाऐंशीच्या टंचाईत परदेशी मदतीवर एक योजना आली. जिल्ह्यातल्या बारा विहिरींवर बारा पेट्या बसल्या. विहिरीत सोडलेल्या तारेवरून पेटी रोज सकाळी सात वाजता पाण्याची खोली टिपायची. साहेब लोकांनी फीत कापली, फोटो काढले, जेवण केलं. पेटीबरोबर आलेलं दोनशे पानांचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं ते रोजंदारीवर घेतलेल्या अंबिकाने. एक्क्याण्णवमध्ये योजना गुंडाळली. तोवर तीन पेट्या तांब्यासाठी फुटल्या होत्या, एक पुरात गेली होती, आणि एकीत शाळामास्तराची कोंबडी अंडी घालत होती. बाकीच्यांचं काय झालं ते जिल्ह्याच्या पाणी कार्यालयात कुणाला सांगता आलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मेंढेवाडीची पेटी तेवढी राहिली, कारण अंबिका दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एसटीने फाट्यावर उतरते, तीन किलोमीटर चालते, पेटी उघडून महिन्याचे आकडे वहीत उतरवते आणि त्याची प्रत कार्यालयाला देते. या ऑक्टोबरपर्यंत एकोणतीस वर्षांत एकही दिवस कोरा नव्हता. कार्यालयाने तिला हे करायला सांगितलेलं नाही, करू नको असंही सांगितलेलं नाही. त्या सगळ्या भागात सलग नोंदी असलेली विहीर ही एकच.

म्हणूनच कार्यालयाने नियम केला. मेंढेवाडीला टँकर द्यायचा की नाही हे एकतीस ऑक्टोबरच्या पातळीवर ठरतं. त्या दिवशीची खोली मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा तीन मीटरने जास्त असेल तर वाडी यादीत. रकाना रिकामा असेल तर वाडी यादीबाहेर आणि पुढचा विचार जानेवारीत. यंदाची आढावा बैठक मंगळवारी, तीन नोव्हेंबरला, सकाळी अकराला होती. वाडीत पस्तीस घरं, सहाशे मेंढरं आणि एक विहीर. वाडीच्या शिवेपर्यंत शहराचे प्लॉट येऊन पोचले होते. त्यांच्या कमानीशी कारंजं होतं, आणि कारंज्यासाठी सहाशे फुटांचं बोअर.

रविवारी अंबिका वाडीवर पोचली तेव्हा पेटीचं झाकण सताड उघडं होतं. आतला छोटा दिवा, जो दर मिनिटाला लुकलुकायला हवा, विझलेला होता. तिने नेहमीप्रमाणे चपला काढल्या, आधी लोखंडी खांबाला हात लावला आणि मग आत पाहिलं. अठराशे दोनच्या शेजारी दुसरी एक चिप असते. अठराशे दोनने काय करायचं ते तीत लिहिलेलं असतं. त्या चिपेच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते, आणि खिडकीवर काळी पट्टी चिकटवलेली असते. पट्टी नव्हती. काचेच्या कडेला कुंकवाचा टिपका होता, मधोमध नव्हे, काच मोकळी सोडून.

"वैनी!" तिने हाक मारली.

दगडाबाई, धोंडिबाची बायको, हात पुसत आली. धोंडिबा मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेला होता. पेटीची किल्ली दगडाबाईकडेच असे, कारण सेल बदलायचं काम तिच्याकडे होतं.

"काळी पट्टी कुठंय?"

"ती व्हय? पार कळकट झाल्ती. दसऱ्याला काढली."

"कुणी सांगितलं काढायला?"

"सांगाया कशाला पायजे? आत बघते तं काच, आन् काचंत सोन्यावानी चमकतंय. म्हनलं, डोळा हाय देवाचा. डोळा झाकून कुणी पूजा करतं का? झाकण उघडून ठिवलं उगवतीकडं. लई तेज येतंय सकाळचं."

"देव नाय त्यो, वैनी. डबा हाय डबा!"

"डबा हाय? मंग वन्सं, तुमी दर महिन्याला चपला काढून का उभ्या राहताव त्याच्याम्होरं? आन् आधी खांबाच्या पाया का पडताव?"

 अंगात साठलेली वीज बोटातून चिपेत गेली तर चिप मरते. म्हणून अनवाणी मातीत उभं राहायचं आणि अंगातली वीज आधी लोखंडावाटे जमिनीत सोडायची. हे अंबिकाने त्या दोनशे पानांच्या पुस्तकात वाचलं होतं. एकोणतीस वर्षं सगळी वाडी तिला हे करताना पाहत होती. काय करतेस असं सुरुवातीला एकदोघांनी विचारलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्हाला काय कळणार."

उन्हातल्या अतिनील किरणांनी त्या खिडकीच्या चिपेतलं लिखाण पुसलं जातं. एखाद्या आठवड्याचं कडक ऊन पुरतं. दसरा बावीस ऑक्टोबरला झाला होता. अवकाशात टिकणाऱ्या चिपेला काही झालेलं नव्हतं. ती शाबूत होती. शेजारणीने सांगणं थांबवलं म्हणून काय करायचं ते कळत नसल्यासारखी बसली होती.

अंबिकाने विहिरीत टेप सोडून त्या दिवशीची खोली मोजली. दहा मीटर एकोणऐंशी. वहीत लिहिलं: एक नोव्हेंबर. मग पेटी खांबावरून उतरवली, आकडे सांभाळणारी बारीक बॅटरी तशीच जोडलेली ठेवून, आणि मांडीवर घेऊन एसटीत बसली. दगडाबाईचा निरोप घेतला नाही.

आणि म्हणून सोमवारची ही कळ. अठराशे दोनमध्ये एक सोय आहे. दोन तारा विशिष्ट तऱ्हेने जोडल्या की ती लिहिलेला कार्यक्रम बाजूला ठेवते, आणि कळ दाबाल तसा स्मृतीतला एकेक आकडा बाहेर काढते. अंबिकाने त्या आकड्यांसाठी आठ लाल दिवे जोडले होते. कुठले पेटले, कुठले नाही, यावरून आकडा वाचायचा. अडचण एवढीच की पहिले दोन हजार अठ्ठेचाळीस आकडे पुसल्या गेलेल्या चिपेचे होते. विहिरीचे आकडे त्यानंतर.

पावणेआठला ती तिथे पोचली. मग एकेक दिवस बाहेर येऊ लागला, प्रत्येक दिवसाच्या मापाला दोन आकडे. चार ऑक्टोबर, पाच, सहा. बावीसला दहा मीटर तीस. सव्वीसला दहा त्रेपन्न. सत्तावीसच्या पहिल्या आकड्याला एक दिवा पेटला, दुसऱ्याला दोन: दहा अठ्ठावन्न. पुढची कळ दाबली आणि आठही दिवे पेटले. त्यापुढच्याला आठही. पुढे सगळे आठच. अठ्ठावीस तारखेपासून पेटीने काहीच टिपलेलं नव्हतं.

एकतीसचा आकडा नव्हता.

सव्वादहाला जिन्यावर बूट वाजले. सार्थक, कार्यालयातला कनिष्ठ अभियंता, वय अठ्ठावीस, हातात बाटलीबंद पाणी. पेटी बंद पडल्याचं आणि टेपच्या मापाचं अंबिकाने त्याला आदल्या रात्री फोनवर सांगितलं होतं. त्याच्या घरची पैठणकडे चाळीस एकर बागायत आहे आणि तो शब्दांच्या शेवटी 'बेसिकली' लावतो. मेंढेवाडीच्या विहिरीवर तो मार्चनंतर गेलेला नव्हता, पण तपासणीच्या रजिस्टरात दर महिन्याला त्याची सही होती. सही चांगली होती, शेवटी रेघ ओढलेली.

"ताई, झालं का काही?"

"सत्तावीसपर्यंत."

"आणि एकतीस?"

"एकतीसला पेटी बंद होती. बंद पडल्यावरही आकडे पाठवायला ती काय तुमची आहे, साहेब?"

सार्थकने बाटली उघडली. मार्चमध्ये त्याने शेजारच्या गावच्या विहिरीवर नव्या पद्धतीचा सेन्सर बसवला होता. फोनसारखं सिमकार्ड, वर सोलर. एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं आणि सेन्सर हवेत लटकला. तेव्हापासून तो दर पंधरा मिनिटांनी शून्य पाठवतो. खोली शून्य म्हणजे पाणी जमिनीबरोबर. भर उन्हाळ्यात जिल्ह्यातली एकच विहीर काठोकाठ भरलेली दिसत होती, आणि वरच्या कार्यालयाने तिच्याबद्दल अभिनंदनाचं पत्र पाठवलं होतं.

"आहे का अजून काठोकाठ?" अंबिकाने विचारलं.

"ते कॅलिब्रेशनचं आहे, बेसिकली."

"पत्र फ्रेम केलं का?"

सार्थक हसला. तो वाईट मुलगा नव्हता, आणि अंबिकाच्या मते हीच त्याची अडचण होती. वाईट असता तर त्याला निदान काहीतरी नीट जमलं असतं. तो टेबलाकडे वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "ताई, काल तुम्ही टेपने मोजलं ना? दहा एकोणऐंशी. तेच एकतीसच्या रकान्यात घाला. एका दिवसाचा फरक. कोण बघायला येतंय?"

"ते एक तारखेचं आहे."

"अहो, पण सरासरी सहा वीस आहे! नऊ वीसच्या वर काहीही असलं तरी वाडी बसतेच."

"मग एक तारखेचंच धरा."

"फॉर्म घेत नाही ना. एकतीसच लागतं, आणि त्याच दिवशी मोजलेलं, मोजणाऱ्याच्या नावासकट."

"म्हणजे खरा आकडा तुमचा फॉर्म घेत नाही आणि खोटा घेतो."

"उद्या अकराला बैठक आहे," सार्थक म्हणाला. "मी आपला सांगतोय. वाडी तुमची आहे, माझी नाही."

अंबिकाने वही मिटली. एकोणतीस वर्षांत त्या वहीत एकही आकडा मागाहून भरलेला नव्हता. कार्यालयातल्या कपाटांत दुसरी अशी वही नव्हती हे तिला माहीत होतं, आणि या पोराच्या सोयीसाठी ती तसली वही करणार नव्हती. पस्तीस घरांना जानेवारीपर्यंत टँकर मिळणार नाही हेही तिला कळत होतं. त्याचा दोष कुणाचा हे ठरलेलं होतं, आणि तो तिला तोंडावर ऐकवायचा होता. तिने फोन लावला.

"वैनी, तुमच्या डोळ्यापायी टँकर गेला. एकतीसचं माप नाय. आता बसा जानेवारीपर्यंत देवाला उगवतीकडं तोंड करून."

"माप नाय म्हंजी?" दगडाबाईचा आवाज इतका मोठा होता की सार्थकलाही ऐकू आला. "शनिवारी सत्तेचाळिसावी उघडी पडली की! कंबर मोडली माझी दोन घागरी वर आणताना. तुमी येताव महिन्याला येकदा, वरून दोरी सोडताव. उतरतंय कोण रोज?"

"कशाची सत्तेचाळिसावी?"

"पायरी! दुसरं काय हाय हिरीत मोजाया?"

शनिवार म्हणजे एकतीस ऑक्टोबर. अंबिकाने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"त्याच्या आधीची कधी उघडी पडली?"

"कोजागिरीला. सेहेचाळिसावी. आन् दसऱ्याला, तुमचा डोळा पुसला त्या दिशी सकाळी, पंचेचाळिसावी. काय वाटलं, आमाला मोजता येत नाय?"

अंबिकाला नेमकं तसंच वाटत आलं होतं. तिने कपाटाच्या तळातून शहाऐंशीची पहिली वही काढली. पहिल्या पानावर तिच्याच हाताने विहिरीची मापं लिहिलेली होती: काठावरच्या खुणेपासून पहिल्या पायरीच्या माथ्यापर्यंत एक्केचाळीस सेंटिमीटर, त्याखाली प्रत्येक पायरीची उंची बावीस. पंचेचाळीस अख्ख्या पायऱ्या उघड्या म्हणजे दहा मीटर एकतीस. पेटीने दसऱ्याला टिपलं होतं दहा तीस. सेहेचाळीस म्हणजे दहा त्रेपन्न. पेटीने कोजागिरीला, सव्वीसला, टिपलं होतं दहा त्रेपन्न.

तिने हिशेब पुन्हा केला. मग तिसऱ्यांदा. चूक सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं.

सत्तेचाळीस पायऱ्या: दहा मीटर पंच्याहत्तर.

"साहेब, फॉर्म काढा. मोजण्याची पद्धत, प्रत्यक्ष. मोजणारी व्यक्ती, दगडाबाई."

"पण त्या नेमलेल्या निरीक्षक नाहीत ना, ताई?"

अंबिकाने शहाऐंशीचा आदेश त्याच्यासमोर टाकला. पेटी बंद पडल्यास विहिरीजवळच्या घरातील जाणत्या माणसाने माप घ्यावं, असं तिसऱ्या कलमात होतं. खाली त्या वेळच्या अभियंत्याची सही होती.

"जाणत्या," सार्थक वाचून म्हणाला. "कोण जाणतं ते कोण ठरवणार, बेसिकली?"

"तुम्ही नका ठरवू."

मंगळवारी बैठकीत मेंढेवाडीचा विषय दीड मिनिट चालला. दहा पंच्याहत्तर, सरासरी सहा वीस, मंजूर. टँकर शुक्रवारपासून, दिवसाआड एक खेप. पायरीबद्दल कुणी विचारलं नाही. शेजारच्या गावचा प्रश्न आला नाही. तिथली विहीर भरलेली होती.

त्याच दुपारी अंबिका पेटी घेऊन वाडीवर गेली. पुसलेल्या चिपेच्या जागी तिने त्याच लिखाणाची, घरी जपून ठेवलेली दुसरी चिप बसवली होती आणि खिडकीवर नवी काळी पट्टी लावली होती. चपला काढल्या, खांबाला हात लावला, पेटी टांगली. दिवा लुकलुकला. दगडाबाई हाताची घडी घालून बघत होती.

"वैनी, ही पट्टी काढायची नाही. काचेला ऊन लागलं की आतलं लिहिलेलं पुसलं जातं. आणि चपला काढते ते अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून. पाया पडत नाही मी."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग हे सांगाया तुमाला एकोणतीस वर्सं लागली व्हय?" दगडाबाईने पट्टीकडे निरखून पाहिलं. "आन् लोक म्हनतेत, वन्सं लई शिकलेल्या हायेत."

अंबिकाला यावर उत्तर होतं, पण ते फार मोठं होतं आणि साडेपाचची एसटी गाठायची होती. तिने पिशवीतून कोरी वही काढली, दोन रकाने आखले, एकावर 'पेटी' लिहिलं, दुसऱ्यावर 'पायरी', आणि पेन्सिलीसकट दगडाबाईच्या हातात दिली. दगडाबाईने वही उलटी धरली, मग सुलटी केली, आणि दुसऱ्या रकान्यात विचारण्याआधीच सत्तेचाळीस लिहिलं. आकडे तिला येत होते. अक्षरं येत नव्हती, पण त्यांची या वहीत गरज नव्हती.

उद्या, बुधवारी, पेटी सकाळी सात वाजता माप घेईल. दगडाबाई सहाला उतरते.